द्रोह कोणाचा?

‘देशद्रोही’ हा शब्द टीव्हीवरच्या चर्चेत, प्रचारसभेत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसातून कितीदा तरी कानावर पडतो. तो वापरणाऱ्याची बहुधा अशी खात्री असते की या नावाचा एक गुन्हा आहे, त्याचे कलम आहे आणि शिक्षाही ठरलेली आहे. प्रत्यक्षात १८६० च्या भारतीय दंड संहितेत देशद्रोह नावाचा गुन्हा कधीच नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. जुन्या संहितेतल्या १२४-अ कलमाला मराठीत ‘राजद्रोह’ म्हणत. नव्या संहितेतल्या १५२ व्या कलमाचा मथळा लांबलचक आहे. भारताचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींविषयी ते बोलते. त्याच्या मजकुरात राजही नाही आणि द्रोहही नाही.

मग हा शब्द आला कुठून? त्याचा दुसरा अर्धा भाग फार जुना आहे. पहिला अर्धा मात्र आजच्या अर्थाने जेमतेम दीडशे वर्षांचा. भांडण होते ते नेहमी या पहिल्या अर्ध्यावरून.

‘द्रोह’ हा संस्कृत द्रुह् धातूपासून आलेला शब्द. द्रुह् म्हणजे वाईट चिंतणे, घात करणे, आणि तोही उघड्या मैदानात समोरून वार करून केलेला नव्हे. त्यात लबाडी आहे, विश्वास मोडणे आहे. याच धातूचे भाऊबंद इराणात भेटतात. अवेस्तेत ‘द्रुज’ म्हणजे असत्य, सत्याच्या व्यवस्थेविरुद्ध उभी असलेली दुष्ट शक्ती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणचा सम्राट दारयवहु याने बेहिस्तूनच्या कड्यावर भलामोठा शिलालेख कोरवला. आपल्याविरुद्ध उठलेल्या एकेका बंडखोराची त्यात नोंद आहे, आणि प्रत्येकाचा गुन्हा एकाच क्रियापदाने सांगितला आहे: तो खोटे बोलला. अमक्याने मी राजा आहे असे सांगितले, ते खोटे होते. खोटेपणासाठी तिथे जो प्राचीन फारसी शब्द आहे, ‘द्रउग’, तो आपल्या द्रोहाचा सख्खा चुलतभाऊ. आजच्या फारसीत खोटे या अर्थाने चालणारा ‘दरोग’ त्याचाच वंशज. दारयवहुच्या स्वतःच्या सिंहासनावरच्या हक्काबद्दल इतिहासकारांना दाट संशय आहे, म्हणजे खोटे नेमके कोण बोलले हा प्रश्नही तितकाच जुना.

ऋग्वेदात वरुणाच्या सूक्तात माणसांकडून देवांचा द्रोह घडला असेल तर क्षमा मागितली आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन मित्रद्रोहाचे पाप बोलून दाखवतो. पुढे गुरुद्रोह, पितृद्रोह, स्वामिद्रोह. एक गोष्ट चटकन लक्षात येते: द्रोह हा शब्द एकटा फारसा फिरत नाही. त्याच्या आधी कोणीतरी लागतो, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा ओळखीचा, तोंडासमोरचा माणूस असतो. ज्याने शिकवले, वाढवले, ज्याच्या घरी जेवलो, त्याचा द्रोह होतो. अनोळख्याचा द्रोह करता येत नाही, त्याच्याशी फक्त वैर करता येते.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत डोकावले तर द्रोहापेक्षा वेगळेच शब्द जास्त भेटतात. फितूर, फितवा, हरामखोरी, निमकहरामी, बेइमानी. बहुतेक अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. यांतला ‘फितूर’ मोठा मजेशीर. अरबीत ‘फुतूर’ म्हणजे ढिलेपणा, मरगळ, बिघाड. हिंदीत गेल्यावर त्याचा डोक्यातले खूळ, वेड असा अर्थ झाला. मराठीत मात्र तो थेट किल्ल्याच्या दरवाजाशी येऊन उभा राहिला: शत्रूने ज्याला आतून वळवले तो फितूर. आजही कोर्टात आपला जबाब फिरवणाऱ्या साक्षीदाराला वर्तमानपत्रे ‘फितूर साक्षीदार’ म्हणतात, तेव्हा हाच जुना अर्थ जिवंत असतो.

निमकहराम हा शब्द तर स्वतःच हिशेब मांडतो. मीठ खाल्ले, मिठाला जागला नाही. त्यात देश नाही, धर्म नाही, भाषा नाही; आहे तो अन्न घालणारा धनी आणि अन्न खाणारा चाकर यांच्यातला करार. ‘इमान’ हा मुळात श्रद्धेचा शब्द, पण मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला दिलेल्या शब्दाला चिकटून राहणे. अशा जगात एखादा सरदार एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेला तर लोकांना त्याचे फारसे आश्चर्य वाटत नसे. तो रीतसर निघून गेला, की रात्री दरवाजा उघडून गेला, एवढेच लोक पाहत.

शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था आतून कोणी दरवाजा उघडील या शंकेवरच बेतलेली होती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत ती दिसते. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी, एकाच तोलाचे. एकट्याच्या हुकमावर किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून कारभार तिघांनी मिळून करायचा. म्हणजे फितुरी ही वाईट स्वभावाच्या माणसांची गोष्ट आहे असे धरून महाराज स्वस्थ बसले नाहीत. कोणीही फितूर होऊ शकतो, या गृहीतावर त्यांनी कारभार बसवला. कौटिल्याने अर्थशास्त्रात शत्रू ज्यांना फोडू शकतो अशा माणसांचे चार वर्ग पाडले आहेत: रागावलेले, लोभी, घाबरलेले आणि मानी. यात ‘नीच’ असा पाचवा वर्ग नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

या शब्दांची खरी परीक्षा १६५९ साली झाली. अफजलखान स्वारीवर निघाला आणि विजापूरच्या आदिलशहाने मावळच्या देशमुखांना फर्माने पाठवली: खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हे देशमुख आदिलशाहीचेच वतनदार. त्यांच्या वतनाची सनद विजापूरची, मीठही विजापूरचे. रोहिडखोऱ्याच्या कान्होजी जेध्यांच्या हाती असेच एक फर्मान जून महिन्यात पडले. जेध्यांच्या घराण्याच्या करीन्यात पुढची हकीकत आहे. कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि फर्मान पुढे ठेवले. महाराजांनी विचारले, वतन जाईल, त्याचे काय? कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. त्यांच्यावर बांधिलकी होती ती शहाजीराजांना दिलेल्या शपथेची.

याच सुमारास शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. आदिलशाहीच्या दप्तरात पाहाल तर खोपडे आज्ञाधारक आणि जेधे हरामखोर. महाराष्ट्राच्या स्मृतीत नेमके उलट. खानाच्या वधानंतर खोपडे लपून राहिले, मग मध्यस्थी करवून जेध्यांच्या भिडेचा आधार घेतला. महाराजांनी शब्द राखून त्यांचा जीव सोडला, पण एक हात आणि एक पाय तोडवला. या शिक्षेत खोपड्यांनी कोणत्या देशाशी द्रोह केला असे कुठे म्हटले आहे? करीन्यातल्या माणसांच्या तोंडी असतात शपथ, वतन, भीड आणि शब्द. स्वराज्य नावाची गोष्ट उभी राहत होती, पण तिच्याशी गद्दारी करण्यासाठी लागणारा शब्द अजून घडायचा होता.

पुढे १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा वाईच्या देशमुखीसाठी फितूर झाल्याचा ठपका सूर्याजी पिसाळावर आला. त्या प्रसंगाच्या तपशिलांवर संशोधकांत वाद आहेत. लोकांनी मात्र निकाल केव्हाच लावला. आजही गावच्या राजकारणात कोणी ऐन वेळी पलटी मारली की त्याचे नाव ‘सूर्याजी पिसाळ’ पडते, आणि त्यासाठी रायगडचा इतिहास ठाऊक असण्याची गरज पडत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, घरभेदी, अस्तनीतला निखारा अशी याच कुळातली ठेव मराठीत पुष्कळ आहे. सगळ्यांत घर आहे, गोत आहे, अंगावरचा कपडा आहे. इतक्या जवळच्या वस्तू.

आता ‘देश’ या पहिल्या अर्ध्याकडे. घाटावरचा माणूस स्वतःला ‘देशावरचा’ म्हणतो, ते सह्याद्रीच्या पूर्वेच्या पठाराला उद्देशून. देशमुख आणि देशपांडे यांच्या नावातला देश म्हणजे परगणा, काही गावांचा समूह. जेधे आणि खोपडे दोघेही याच अर्थाने ‘देशा’चे मुख्य होते, त्यांना कोणी देशद्रोही म्हटले असते तर त्यांनी आधी विचारले असते, कोणत्या परगण्याचा? ‘राष्ट्र’ हा शब्द वेदकाळापासून आहे, पण तो राज्याच्या हद्दीतला मुलूख. राज्याची सात अंगे मोजताना स्मृतिकार राष्ट्र हे त्यातले एक अंग धरतात, राजा आणि कोश यांच्या शेजारी.

कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतच्या सगळ्या माणसांचा मिळून एक देश, आणि त्या देशाशी आपले नाते राजापेक्षा वरचे, ही कल्पना मराठी गद्यात एकोणिसाव्या शतकात मूळ धरते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेतला अखेरचा मोठा निबंध ‘आमच्या देशाची स्थिति’ या नावाचा आहे. आता देश हे एक पात्र झाले होते, त्याची स्थिती विचारता येत होती, त्याच्यासाठी रडता येत होते. सरकारला याचा वास लागायला वेळ लागला, पण लागला: चिपळूणकरांच्या निधनानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षांनी, १९१० मध्ये, या निबंधावर बंदी आली. ती उठायला १९३७ साल उजाडले. देशभक्तीचा निबंध राजद्रोही ठरला, म्हणजे देश आणि राज हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहिले.

आणि इथे १२४-अ चा जन्म पाहायला हवा. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात सरकारविरुद्ध असंतोष पसरवण्याचे एक कलम होते. १८६० च्या संहितेत ते आलेच नाही. दहा वर्षांनी, १८७० मध्ये, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेमंत्र्याने ते घातले. आधी ते चुकून गळले होते असे सांगून. कलमाच्या मूळ मजकुरात सेडिशन हा शब्द नव्हता, तो पुढे कलमाच्या कडेच्या टिपेत आला. राजाचाही उल्लेख नव्हता. उल्लेख होता ‘कायद्याने स्थापन झालेल्या सरकार’विषयी डिसअफेक्शन निर्माण करण्याचा. आपल्या भाषांतरकारांनी या डिसअफेक्शनचे ‘अप्रीती’ केले आणि सेडिशनचे ‘राजद्रोह’. सरकारवर टीका करणे हा एका झटक्यात स्वामिद्रोहाचा वारस झाला. मीठ कोणाचे खातो, हा जुना प्रश्न नव्या कोर्टात हजर झाला.

या कलमाखालचा पहिला मोठा खटला १८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ या बंगाली पत्रावर चालला, संमतिवयाच्या कायद्यावरच्या टीकेबद्दल. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पुढे प्रकरण माफीवर मिटले. कलमाला खरे दात आले ते १८९७ मध्ये, पुण्यामुळे.

त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तावरून लोक चिडलेले होते. जूनमध्ये शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. व्याख्यानांत अफजलखानाच्या वधाची नीती-अनीती चर्चिली गेली, आणि टिळकांनी गीतेचा आधार घेऊन वधाचे समर्थन केले. १५ जूनच्या केसरीत त्याचा वृत्तांत आला, सोबत ‘भवानी तलवार’ अशा खुणेने सही केलेली शिवाजी महाराजांच्या उद्गारांची एक कविता. २२ जूनला चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. जुलैअखेर टिळकांना अटक झाली. म्हणजे १६५९ मध्ये कोणाशी इमान राखावे या प्रश्नाने दोन देशमुखांना वेगळे केले, त्याच प्रसंगाची चर्चा २३८ वर्षांनी राजद्रोहाचा पुरावा म्हणून मुंबई हायकोर्टात वाचली गेली.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलम समजावून सांगताना डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव, असा अर्थ लावला. मराठीतल्या अप्रीतीचा हा अक्षरशः पदच्छेद: प्रीती नाही, तर गुन्हा आहे. सरकारबद्दल प्रेम वाटत नाही एवढ्यावर माणूस दोषी ठरू लागला. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

त्याच वर्षीचा दुसरा खटला फारसा कोणाला आठवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ या लहानशा पत्रावरचा. तो अपिलात मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे आला आणि त्या पीठावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. दोष कायम राहिला, पण शिक्षा बरीच उतरली. रानड्यांनी अप्रीतीचा वेगळा अर्थ लावला: प्रेम नसणे म्हणजे डिसअफेक्शन नव्हे, तिथे तिटकाऱ्याची, सत्तेला झुगारून देण्याची प्रत्यक्ष भावना हवी. स्ट्रॅची आणि रानडे यांच्या व्याख्यांतले अंतर केवळ शब्दांचे दिसते. तुरुंगात जाणाऱ्या संपादकासाठी ते वर्षांचे होते. तरी रानड्यांनी राजद्रोहाची कल्पना नाकारली नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्यांनी तिला लगाम घातला. १८९८ मध्ये सरकारने कलम दुरुस्त केले, त्यात द्वेष आणि तुच्छता हेही घातले, आणि राजनिष्ठेचा अभाव व शत्रुत्वाच्या सगळ्या भावना अप्रीतीत मोडतात असा खुलासा जोडला.

१९०८ चा खटला सर्वांना माहीत असतो, तरी त्यातली एक बाजू दुर्लक्षित राहते. ‘देशाचें दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे केसरीतले अग्रलेख खटल्याच्या मुळाशी होते. ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हते. त्यांच्यापुढे आले ते सरकारी भाषांतर. टिळकांनी वकील न देता स्वतः बाजू मांडली, आणि त्यांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दाला उलटतपासणी घेतली. मराठी शब्दाची धार इंग्रजीत वाढते कशी, हे दाखवण्यात त्यांनी कित्येक तास घालवले. त्यांचे भाषण एकूण एकवीस तासांच्या घरात गेले. न्यायमूर्ती दावर यांनी, ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांच्याच जामिनासाठी वकील म्हणून युक्तिवाद केला होता, सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्यूरी या वेळी सात विरुद्ध दोन. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्याच वर्षी ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे तुरुंगात गेले, आणि पुढच्या वर्षी कवितांच्या एका छोट्या पुस्तिकेसाठी बाबाराव सावरकरांना थेट राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या कलमाखाली जन्मठेप झाली. मराठी पद्याला इतकी किंमत सरकारने नंतर कधी दिली नाही.

१९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून टिळकांवर तिसरी कारवाई झाली. त्या वेळी बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि हायकोर्टाने, न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी, जामीनकीचा हुकूम रद्द केला. भाषण तुकड्यांनी न वाचता सबंध वाचावे, असा त्यामागचा दृष्टिकोन होता. एकाच माणसाच्या तीन खटल्यांत अप्रीती कधी रुंद, कधी अरुंद झाली. १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी तर हा गुन्हा आपण जाणूनबुजून केला, प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, असेच सांगितले आणि सहा वर्षांची शिक्षा घेतली.

राजद्रोह हा पदकासारखा मिरवण्याजोगा शब्द झाला, त्याच काळात ‘गदर’चेही नशीब पालटले. अरबीत ग़द्र म्हणजे विश्वासघात, गद्दार म्हणजे विश्वासघातकी. १८५७ ला इंग्रजांनी आणि त्यांच्या पक्षपात्यांनी गदर म्हटले. १९१३ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोहून हिंदी क्रांतिकारकांनी वृत्तपत्र काढले तेव्हा त्यांनी नाव दिले ‘गदर’. शिवी उचलून मुकुटासारखी डोक्यावर घातली. त्यांत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळ्यांना कर्तारसिंग सराभांबरोबर १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी झाली. एकाच धातूतून निघालेले गदर आणि गद्दार, त्यातला एक आज आदराने उच्चारला जातो आणि दुसरा प्रत्येक पक्षफुटीनंतर महाराष्ट्रात घोषणेत येतो. ‘बंडखोर’ तर पार माणसाळला. निवडणुकीत तिकीट न मिळालेला प्रत्येक जण बंडखोर.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा ब्रिटिश न्यायव्यवस्थेचा यावरचा शेवटचा शब्द कडक होता. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने सार्वजनिक शांतता बिघडवण्याची प्रवृत्ती असल्याशिवाय राजद्रोह होत नाही असे म्हटले होते. मुंबईतून आलेल्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्येच ते मोडीत काढले: असंतोष पसरवणे पुरेसे, हिंसेची चिथावणी लागत नाही. घटना समितीला हा वारसा मिळाला. मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरच्या अपवादांमध्ये सेडिशन होते. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शींच्या दुरुस्तीने तो शब्द काढला गेला. गंमत अशी की राज्यघटनेतून राजद्रोह गेला आणि दंड संहितेत राहिला.

१९६२ मध्ये केदारनाथ सिंग विरुद्ध बिहार सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवले, पण रानड्यांच्या वाटेने आणखी पुढे जाऊन: शब्दांत हिंसेची किंवा सार्वजनिक गोंधळ माजवण्याची चिथावणी, निदान प्रवृत्ती तरी हवी. आणि कोर्टाने एक भेद स्पष्ट केला जो या सगळ्या इतिहासात हरवला होता. कायद्याने स्थापन झालेले सरकार वेगळे, आणि त्या घटकेला ते चालवणाऱ्या व्यक्ती वेगळ्या. धनी आणि घर एकच नव्हेत, हे अखेर कागदावर आले. बरौनीतल्या सभेत सत्ताधारी पक्षावर तोफ डागणारे केदारनाथ सिंग यांना स्वतःला मात्र त्याचा फायदा झाला नाही.

हा भेद मराठीत टिकवणे किती अवघड, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २०१२ मध्ये एका व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली. हायकोर्टापुढे राज्याने पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना काढायचे कबूल केले, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये गृह खात्याने मराठीत परिपत्रक काढले. लोकप्रतिनिधी किंवा सरकारी सेवक यांच्यावरची टीका ही ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून केली असेल तर राजद्रोह लागू होईल, असा अर्थ त्यातून निघू लागला. टीका नेहमी प्रतिनिधी म्हणूनच होते, नगरसेवकाला कोणी शेजारी म्हणून शिव्या घालत नाही. परिपत्रक पुन्हा हायकोर्टात गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने ते मागे घेतले.

‘राष्ट्रविरोधी’ हा शब्द राज्यघटनेत फक्त एकदा घुसला होता. आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३१-ड हा अनुच्छेद आणला; त्यात राष्ट्रविरोधी कृत्यांची आणि संघटनांची व्याख्या होती. पुढच्या सरकारने त्रेचाळिसाव्या दुरुस्तीने तो काढून टाकला. २०२१ मध्ये संसदेत प्रश्न आला तेव्हा सरकारने उत्तर दिले की कायद्यात राष्ट्रविरोधी अशी व्याख्या नाही, आणि आणीबाणीतल्या त्या अनुच्छेदाची आठवणही दिली. म्हणजे ज्या शब्दावर आजच्या अर्ध्या चर्चा चालतात, तो कायद्यात थोडाच काळ नांदला, आणि तेही कोणत्या काळात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

अमेरिकेने या बाबतीत वेगळी सावधगिरी घेतली. तिचे राष्ट्रनिर्माते इंग्लंडच्या दृष्टीने स्वतःच राजद्रोही होते. म्हणून त्यांनी राज्यघटनेतच देशद्रोहाची व्याख्या लिहून घट्ट बांधली: देशाविरुद्ध युद्ध करणे किंवा शत्रूला मदत करणे, आणि तेही एकाच उघड कृत्याला दोन साक्षीदार असल्याशिवाय किंवा भर कोर्टात कबुली दिल्याशिवाय सिद्ध होत नाही. इंग्लंडने तर ज्या सेडिशनच्या नावाने आपल्याकडे वर्तमानपत्रे बंद केली, तो गुन्हाच २००९ मध्ये रद्द केला.

आपल्याकडे ११ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने १२४-अ स्थगित ठेवले. निवृत्त मेजर जनरल एस. जी. वोंबटकेरे यांच्या याचिकेवरून हे घडले. विधी आयोगाने पुढच्या वर्षी कलम राहू द्यावे अशी शिफारस केली. मग नव्या संहितेच्या निमित्ताने केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले की राजद्रोह संपला, त्याच्या जागी देशद्रोह आला: सरकारवर टीका करायला आता कोणी आडवे येणार नाही, देशाविरुद्ध बोलले तर मात्र तुरुंग. पहिल्या अर्ध्याची अदलाबदल संसदेत इतक्या उघडपणे पहिल्यांदाच झाली. १५२ व्या कलमात अप्रीती नाही, सरकारही नाही. आहेत अलगतावाद, सशस्त्र बंड, विघातक कारवाया, आणि अलगतावादी कारवायांच्या ‘भावना’ चेतवणे. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. जुन्या कलमात जन्मठेपेखालोखाल तीन वर्षे होती. सरकारचा निषेध करणाऱ्या मताला कायदेशीर मार्गाने बदल घडवायचा असेल तर तो गुन्हा नव्हे, हा खुलासा जुन्या कलमातून थोडा बदलून उचललेला आहे. ‘भावना’ हा शब्द मात्र स्ट्रॅचीच्या काळापासून हलायला तयार नाही. प्रीती मोजणे सोपे नव्हते, अलगतेची भावना मोजणे सोपे असेल असे मानायला आधार सापडत नाही. वोंबटकेरे यांनी १५२ लाही आव्हान दिले आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर केंद्राला नोटीस काढली.